बारावर थांबलेला काटा

"तुमचे घड्याळ बंद पडले आहे," असे वर्षातून तीन-चार वेळा तरी कोणीतरी मला सांगते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्याचे निरीक्षणही खोटे नसते. माझ्या घड्याळाच्या तबकडीच्या मधोमध जो सर्वांत लांब आणि सर्वांत बारीक काटा आहे, ज्याला कोणीही सेकंदकाटाच समजेल, तो बहुतेक वेळ बाराच्या अंकावर निश्चल उभा असतो. चालू सेकंद दाखवणारा काटा निराळा आहे. तो डावीकडच्या एका छोट्या तबकडीत, नखाएवढ्या जागेत, कोणाच्या लक्षात येऊ नये असा निमूटपणे फिरत असतो. मधल्या काट्याला रोजचे असे काही काम नाही. उजवीकडचे वरचे बटण दाबले की तो निघतो, तेच पुन्हा दाबले की थांबतो, आणि खालचे बटण दाबले की कुठेही असला तरी एका झटक्यात बारावर परत येतो.

घड्याळाच्या पोटात बसवलेल्या या स्टॉपवॉचला क्रोनोग्राफ म्हणतात. त्याच्यापायी घड्याळ जाड होते, जड होते, महाग होते आणि दुरुस्तीला अवघड होते. असे असूनही घड्याळांचा शौक असलेल्या माणसांच्या संग्रहात एक तरी क्रोनोग्राफ सापडतोच, आणि ज्यांच्याकडे एकच चांगले घड्याळ आहे त्यांच्यापैकीही पुष्कळांनी तो निवडलेला असतो. दिवसाचे तेवीस तास उभ्या राहणाऱ्या काट्यासाठी माणसे एवढा खटाटोप का करतात, हा प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षे विचारत आलो आहे, कारण त्या माणसांत मीही आहे.

पहिले उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर ते रूप हेच आहे. तबकडीत दोन किंवा तीन छोट्या तबकड्या, कडेने बारीक आकड्यांची रांग, चावीच्या वर आणि खाली एकेक बटण, असा सगळा सरंजाम पाहिला की विमानाच्या किंवा शर्यतीच्या गाडीच्या चालकासमोरच्या फलकाची आठवण होते. हे मनगट काहीतरी जबाबदारीच्या कामाचे असावे, असा समज त्यामुळे पाहणाऱ्याचा होतो आणि घालणाऱ्याचाही होतो. मी ज्या कामासाठी दिवसभर खुर्चीत बसतो त्यात सेकंदाच्या आठव्या भागाला काडीचेही महत्त्व नाही, हे घड्याळाला ठाऊक नसते, आणि त्याला ते सांगावे असे मलाही कधी वाटलेले नाही.

दुसरे उत्तर गोष्टींचे आहे. क्रोनोग्राफ विकत घेणारा बहुधा त्याच्याबरोबर एखादी गोष्टही घेत असतो. ओमेगाचे स्पीडमास्टर 1957 साली आले ते मोटारींच्या शर्यती डोळ्यांसमोर ठेवून. चंद्राचा त्यात विचारही नव्हता. पुढे 1965 साली नासाने उष्णता, थंडी, धक्के, कंप, निर्वात अशा चाचण्यांतून ते पार झाल्यावर अंतराळवीरांसाठी मान्य केले, आणि 1969 च्या जुलैत ते चंद्रावर पोहोचले. त्यातही एक गंमत आहे. नील आर्मस्ट्राँग यांनी आपले घड्याळ यानातच ठेवले होते, कारण तिथले विजेवर चालणारे कालमापक नीट चालत नव्हते. चंद्राच्या पृष्ठभागावर जे घड्याळ उतरले ते बझ ऑल्ड्रिन यांच्या हातावरचे. मला मात्र त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट अधिक जवळची वाटते. अपोलो 13 च्या यानात स्फोट झाल्यानंतर वीज वाचवण्यासाठी जवळजवळ सगळी उपकरणे बंद ठेवावी लागली होती, आणि परतीच्या वाटेवर यानाची दिशा किंचित सुधारण्यासाठी इंजिन 14 सेकंद पेटवायचे होते. ते 14 सेकंद यानातले अंतराळवीर जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या क्रोनोग्राफवर मोजले. चावी दिलेल्या कमानीच्या जोरावर फिरणारा एक काटा आणि त्याच्यावर खिळलेली एक नजर, एवढीच त्या क्षणी कालमापनाची सामग्री होती.

अशी गोष्ट एकदा ऐकली की दुकानाच्या काचेमागच्या घड्याळाकडे माणूस पूर्वीसारखे पाहू शकत नाही. आपल्यावर तसा प्रसंग येणार नाही हे त्याला कळत असते, पण आला तर आपल्या मनगटावर त्याची सोय आहे, ही भावना काही कमी मोलाची नसते. मी स्वतः घड्याळ घेताना घरी सांगितले होते की सकाळच्या व्यायामाला ते उपयोगी पडेल. त्या कारणावर घरात कोणाचाही विश्वास बसला नाही, आणि त्यांचे बरोबरच होते.

तरीही केवळ रूप आणि उसन्या गोष्टी यांवर एखादे यंत्र दोनशे वर्षे टिकत नाही. क्रोनोग्राफ या नावाचा मूळ ग्रीक अर्थ 'काळ लिहिणारा' असा आहे, आणि आरंभी तो खरोखरच लिहीत असे. निकोला रिओसेक यांनी 1821 साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतींत वापरलेले उपकरण मनगटावर सोडाच, खिशातही मावण्याजोगे नव्हते. ती एक पेटी होती. तिच्यातली तबकडी फिरत असे, आणि घोडा अंतिम रेषा ओलांडताच बटण दाबले की शाई लावलेले टोक खाली टेकून तबकडीवर ठिपका उमटवत असे. शर्यत संपल्यावर ते ठिपके वाचायचे, म्हणजे कोणता घोडा केव्हा पोहोचला ते कळे. लुई मोआने यांनी त्याच्याही आधी, 1816 साली, खगोलीय निरीक्षणांसाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारे यंत्र पुरे केले होते. त्याची ओळख जगाला पटली ती 2013 साली, आणि पहिलेपणाचा मान तेव्हा त्यांच्याकडे गेला. पण नाव मात्र रिओसेक यांच्या शाईचेच राहिले.

शाईची एक अडचण होती. एकदा लिहिले की पुढच्या मोजणीआधी तबकडी साफ करावी लागे. ही अडचण ज्या कल्पनेने सुटली तिच्याइतकी देखणी कल्पना मला घड्याळांच्या साऱ्या इतिहासात दुसरी दिसत नाही. अडॉल्फ निकोल यांनी 1844 साली तिचे पेटंट घेतले. काट्याच्या आसावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा बसवायचा आणि बटण दाबल्यावर एक छोटी हातोडी त्याच्या कडेवर जोराने आपटेल अशी योजना करायची. बदामाची कड अशी असते की हातोडी तिच्यावर कुठेही टेकली तरी दाबाखाली तो तुकडा फिरतो आणि त्याची खोलगट बाजू हातोडीखाली आल्यावरच थांबतो. काटा दहाव्या सेकंदावर असो की एकावन्नाव्या, परतीची जागा एकच. मोजणी नाही, हिशोब नाही, नुसत्या आकाराच्या बळावर शून्य सापडते. आज कोट्यवधी घड्याळांत हाच बदाम आहे.

मला या घटनेत एक गमतीचा बदल दिसतो. काळ लिहिणारे यंत्र त्या दिवसापासून काळ पुसणारेही झाले. वहीची पाटी झाली. लिहावे, वाचावे आणि पुसून टाकावे. क्रोनोग्राफवर मोजलेल्या कोणत्याही वेळेची नोंद मागे उरत नाही, आणि माझ्या मते त्याच्या वापरातला निम्मा आनंद त्या पुसण्यात आहे. माझ्या ओळखीचे जे जे क्रोनोग्राफवाले आहेत ते काटा सुरू करण्यापेक्षा परत आणताना अधिक खुलतात. तो झटका डोळ्याला दिसत नाही इतका वेगवान असतो. काटा तिथे होता आणि आता इथे आहे, एवढेच कळते.

बटणाचा अंगठ्याला होणारा स्पर्श हाही या माणसांच्या चर्चेचा अखंड विषय असतो, आणि बाहेरच्याला ती चर्चा वेडगळ वाटली तर त्यात नवल नाही. काही घड्याळांत सुरू करणे, थांबवणे या आज्ञा उभ्या खांबांच्या एका चिमुकल्या चाकामार्फत जातात. ते चाक घडवायला कष्टाचे, पण त्याचे बटण लोण्यासारखे दबते. काहींत त्याऐवजी एकावर एक बसवलेले, पत्र्यातून कापलेले कॅम, म्हणजे वेड्यावाकड्या कडेचे फिरते तुकडे, असतात. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेले वाल्जू 7750 हे यंत्र या दुसऱ्या प्रकारातले. ते मजबूत आहे, तुलनेने स्वस्तात बनते, आणि म्हणून असंख्य कंपन्यांच्या घड्याळांत बसवलेले असते. माझ्याही घड्याळात तेच आहे. त्याचे पहिले दाबणे कडक आहे: आधी नकार, मग एकदम होकार. चालत्या घड्याळाची गती काट्याला जोडण्यासाठी त्यात दोन्ही टोकांना दाते असलेली एक बारीक उभी दांडी आहे, जी बटण दाबताच किंचित कलते आणि काट्याच्या चाकाला भिडते. ही युक्ती एदुआर होयर यांच्या 1887 च्या पेटंटातली. दाते दात्यांत बसताना कधीकधी काटा जागच्या जागी किंचित उडी मारतो. सेको कंपनीने 1969 साली बाजारात आणलेल्या स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी मिळणाऱ्या, क्रोनोग्राफमध्ये चाके वरून-खालून एकमेकांवर दाबली जातात, म्हणून तिथे ही उडी नाही. त्या एकाच वर्षी झेनिथ ही कंपनी, होयर आणि ब्राइटलिंग आदी कंपन्यांचा गट, आणि सेको अशा तिघांनीही स्वयंचलित क्रोनोग्राफ पुढे आणले, आणि पहिला कोण यावर वाद घालणारे लोक अजून थकलेले नाहीत. मी त्या वादात पडत नाही. मला ती उडी आवडते. निघण्यापूर्वी काटा जणू पदर खोचतो.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो. कडेच्या आकड्यांविषयी फार बोलावे असे नाही, कारण ते बहुतेकांकडून वापरले जात नाहीत. सर्वांत जास्त आढळणारी पट्टी टॅकीमीटरची. एक किलोमीटर अंतर जायला लागलेल्या सेकंदांनी 3600 ला भागले की ताशी वेग मिळतो, आणि हा भागाकार त्या पट्टीवर आधीच करून ठेवलेला असतो. मैलाच्या दगडांपाशी बटण दाबून मी तो वापरला आहे. 40 सेकंद लागले, पट्टीवर 90 दिसले, गाडीच्या फलकावरही साधारण तेवढेच होते, आणि चालकाने मला विचारले की मग हे कशासाठी. मला उत्तर सुचले नाही. शिवाय ताशी 60 हून कमी वेग असला की काट्याचा फेरा पुरा होऊन जातो आणि पट्टी निरुपयोगी ठरते. म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर या यंत्राला आपल्या वेगाबद्दल काहीच म्हणायचे नसते. नाडीची पट्टी मात्र शहाणपणाची आहे. काटा सुरू करून 30 ठोके मोजायचे, थांबवायचे, आणि काट्यासमोर मिनिटाला किती ठोके ते वाचायचे. डॉक्टरांसाठी अशी घड्याळे मुद्दाम बनत असत. त्यात मोजणाऱ्याचे एक बोट दुसऱ्या माणसाच्या मनगटावर असते, आणि मनगटावर वापरायच्या यंत्राचा याहून योग्य उपयोग मला सुचत नाही.

बाकीचा वापर अगदी किरकोळ असतो. चुलीवर काही ठेवले की माझा अंगठा आपोआप बटणाकडे जातो. नेहमीच्या रस्त्यावरचा लाल दिवा, जो पाच मिनिटांचा आहे असे मी अनेकांना शपथेवर सांगत होतो, तो ऐंशी सेकंदांचा निघाला. फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" ऐकत घालवलेला वेळ मात्र मला वाटला होता त्याहून अधिक भरला. "दोनच मिनिटे घेतो" असे म्हणून उठलेल्या एका वक्त्याची दोन मिनिटे अकरा मिनिटे आणि चाळीस सेकंदांची झाली; ही माहिती मी कोणालाही सांगितली नाही, पण टाळ्या वाजवताना माझ्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते शेजाऱ्याने भाषणाचे मानले असावे.

हे सगळे फोन अधिक चांगले करतो, हा आक्षेप खरा आहे. फोन शंभरावा भाग दाखवतो, नोंद ठेवतो, वेळ संपली की वाजतो. पण फोन हातात घेतला की तो आणखी चार गोष्टी दाखवतो, आणि त्यांतून बाहेर येईपर्यंत चुलीवरचे करपते. त्याहून महत्त्वाचा फरक मला दुसरा वाटतो. गजर लावताना किती वेळ जायला हवा ते आपण आधीच ठरवतो आणि मग दुसरीकडे लक्ष द्यायला मोकळे होतो. क्रोनोग्राफ वाजत नाही. तो फक्त किती झाले ते सांगतो, आणि तेही आपण वळून पाहिले तरच. तो लावून विसरता येत नाही. विसरलो तर एवढेच कळते की आपण सत्तेचाळीस मिनिटे विसरलो होतो.

घड्याळाचे नेहमीचे काटे सर्वांची वेळ दाखवतात. दुपारचे तीन वाजणे हे माझ्यावर अवलंबून नाही. ते कचेऱ्या, गाड्या, सूर्य यांचे काम आहे. त्याच तबकडीवर हा एक काटा असा आहे की ज्याचे शून्य मी म्हणेन तिथून सुरू होते. मी बटण दाबले नसते तर तो लाल दिवा, ते भाषण, ती नाडी यांना आरंभ नव्हता; सगळे एका सलग दुपारीत मिसळून गेले असते. क्रोनोग्राफ निवडणारे अचूकतेच्या गोष्टी करतात, पण अचूकतेचा हिशोब फारसा टिकत नाही. ताशी 28,800, म्हणजे सेकंदाला आठ, ठोके देणारे यंत्र सेकंदाचा आठवा भाग मोजू शकते, झेनिथचे एल प्रिमेरो 36,000 ठोक्यांमुळे दहावा भाग, आणि हे सारे ज्या अंगठ्याच्या भरवशावर चालते त्यालाच डोळ्यांनी पाहिलेले कळून हलायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. अचूकता हवी असती तर आम्ही सर्वांनी बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झचे घड्याळ घेतले असते. आम्हाला काटा सोडायचा असतो.

म्हणूनच जे लोक तो काटा सतत फिरता ठेवतात त्यांचे मला कोडे वाटते. त्यांचे म्हणणे असे की उभा काटा मेल्यासारखा दिसतो आणि फिरता काटा तबकडीला जिवंतपणा आणतो. तांत्रिकदृष्ट्या त्यात मोठा गुन्हा नाही. काही रचनांत जास्तीच्या चाकांचे ओझे पडून घड्याळाच्या चालीवर किंचित परिणाम होतो आणि कमान थोडी लवकर उतरते, एवढेच. पण मग तो सेकंदकाटाच झाला. रिकामा उभा राहण्यातच त्याचे वेगळेपण होते.

शून्याला मी किती जपतो हे मला घड्याळ दुरुस्तीला दिल्यावर समजले. क्रोनोग्राफची सफाई हे जोखमीचे काम आहे. भाग जास्त, झीज जास्त, वेळ जास्त. काही आठवड्यांनी घड्याळ परत आले ते दिवसाला दोन सेकंदही मागेपुढे होत नव्हते, पण खालचे बटण दाबले की मधला काटा बाराच्या रेषेवर न येता तिच्या केसभर उजवीकडे थांबत असे. दुरुस्त करणाऱ्याने भिंगातून पाहिले आणि "एवढे चालते" असे म्हणून घड्याळ माझ्या हातात ठेवले. मी ते दोन दिवस सहन केले. दिवसाला मिनिटभर मागे पडणारे घड्याळ मी वर्षभर हसतमुखाने वापरले आहे, पण जिथून मोजायला सुरुवात करायची ती जागाच जर शून्य नसेल तर पुढच्या कोणत्याच आकड्याशी माझे जमेना. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. त्याने काटा काढून सरळ बसवला आणि चालू असताना खालचे बटण कधी दाबले होते का, असे विचारले. तसे करू नये हे मला ठाऊक आहे. ज्या घड्याळांत धावता काटा थेट शून्यावर आणून तसाच पुढे सोडण्याची खास सोय असते तीच ते सहन करतात. मी नाही म्हणालो. बहुधा ते खरे असावे.

यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडाशी भाची काही दिवस राहायला आली होती. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला बटणे दाबायला आवडतात. रात्री विजा चमकू लागल्या तेव्हा मी तिला काही जुन्या क्रोनोग्राफवर असलेल्या अंतराच्या पट्टीविषयी सांगितले. तोफेचा उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजून सैनिक तोफ किती दूर आहे ते ओळखत; आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा. माझ्या घड्याळावर ती पट्टी नाही, पण तीनने भागणे तिला येते. घड्याळ तिच्या मनगटावरून घसरत होते, म्हणून तिने ते मुठीत धरले. पहिली वीज चमकली, तिने दाबले, गडगडाट झाला, पुन्हा दाबले: एकवीस सेकंद, सात किलोमीटर. दुसरी अकरा किलोमीटर निघाली. पाऊस दुसऱ्याच दिशेने चालला होता.

तिसरी वीज क्षितिजापाशी नुसती उजळून गेली. तिने बटण दाबले आणि अंगठा तसाच ठेवून कान देऊन बसली. काटा तिसावर आला, पंचेचाळिसावर आला, फेरा पुरा करून बारावरून पुढे गेला, आणि वरच्या छोट्या तबकडीतला मिनिटाचा काटा एक घर सरकला. वीस किलोमीटर होऊन गेले होते. इतक्या लांबून आवाज सहसा येत नाही, हे मी तिला सांगणार होतो, पण ती इतकी एकाग्र होती की सांगवेना. दुसरे मिनिटही अर्धे गेले.

"मामा, आवाज आलाच नाही तर हे बंद कधी करायचं?" तिने विचारले.

"तू म्हणशील तेव्हा," मी म्हणालो.

तिने थोडा विचार केला, अंगठा अलगद उचलला आणि घड्याळ खिडकीच्या कठड्यावर, काचेची बाजू बाहेर करून, तसेच चालू ठेवून दिले.